आधी उखाणा

उखाणा घेतल्याशिवाय वाण नाही, असं हेमांगीने जाहीर केलं आणि दिल्लीच्या द्वारका भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये दाटीवाटीने बसलेल्या बायका अहिल्याबाईंकडे वळल्या. झाली का पंचाईत!

अहिल्याबाई एरवी कुणाला बधणाऱ्या नव्हत्या. अमेरिकेत जाऊन तिथल्या विद्यापीठात त्यांनी तीस वर्षं साहित्य शिकवलं, आणि स्त्री-अभ्यासाचा विभाग उघडावा म्हणून डीनला असं भंडावून सोडलं की बिचारा त्यांना बघून जिना बदलायचा. विभाग उघडला. आता निवृत्त होऊन दिल्लीला आल्यावर सोसायटीतल्या बायकांचं अभ्यासमंडळ काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. नाहीतर हळदीकुंकवाच्या वाटेला त्या कशाला जातील?

"ताई, मंडळाला आम्ही बिल्कुल तयार," हेमांगी म्हणाली. "पण आधी नाव घ्या."

मंडळ तर हवंच होतं. पण उखाणा? स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी तो घेतला नव्हता, कुणाला घेऊ दिला नव्हता. रजिस्टर लग्न, सह्या केल्या की मोकळे. आता मान अशी अडकल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि व्याख्यानच ठोकलं. नवऱ्याचं नाव लाजत-मुरकत बायकांनीच का घ्यायचं? दर संक्रांतीला पुरुषांना कोण अडवतं? त्यांना न्यायला आलेले श्यामकांत दारात त्यांची पर्स सांभाळत उभे होते. अहिल्याबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. आधी यांना घ्यायला लावा, मग मी बघते, म्हणाल्या. चार माणसांत हा गृहस्थ तोंड उघडत नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

हेमांगीला तेवढंच हवं होतं. चालेल, दोघांपैकी कुणीही घ्या, म्हणाली.

श्यामकांतांनी पर्स खाली ठेवली, चष्मा सारखा केला.

"कचेरीत लावलं लग्न, ना अक्षता ना वरात,
अहिल्याचं नाव घेतो, तिचंच राज्य घरात."

बायकांनी घर डोक्यावर घेतलं. मंडळात नाव घालायला ही झुंबड उडाली. अहिल्याबाईंना मात्र हसावं की रागवावं कळेना. खरं सांगायचं तर त्या चक्क लाजल्या होत्या, आणि त्याचाच त्यांना राग आला होता. लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी उलटतपासणी सुरू केली. इतक्या झटपट सुचला कसा?

"आत्ता कुठे सुचला? लग्नाच्या दिवशीच केला होता," श्यामकांत म्हणाले. "तू उखाण्यांवर बंदी घातलीस, तेव्हा मला विचारलं होतंस?"