हळदीचं गाणं

लकव्यानं धुरपताबाईची वाचा गेली, तेव्हा तिची हळदीची गाणी सुनेच्या लॅपटॉपात तेवढी उरली होती. ती वाजवायला सुनेनं, रेणूनं, एक फुकटचा प्लेअर डाऊनलोड केला. त्याच्या पाठोपाठ न विचारता आणखी काहीबाही आत शिरलं. आता गाणं रंगात आलं, की मध्येच एक बाई ओरडायची, "बधाई हो! आप जीत गए!"

धुरपताबाई धडधाकट राहिलेल्या हातानं खूण करायची, हिला हाकल.

"काढली ना वो आई! कितीदा काढली, पुन्हा येऊन राहिली," रेणू रडकुंडीला यायची.

गावातल्या, सौंदडच्या पोरी गाणी त्या लॅपटॉपवरूनच शिकल्या. नातीच्या हळदीला त्यांनी एका सुरात गाणं उचललं, तशी धुरपताबाईच्या डोळ्यांना धार लागली. सारं तिचंच होतं, हेलसुद्धा. दुसरं कडवं संपलं, आणि न थांबता, न हसता, साऱ्या त्याच चालीत गायल्या, "बधाई हो, आप जीत गए..."

धुरपताबाईनं हात जोरजोरात हलवला.

"पाहा वो, आजी ताल देऊन राहिली!" म्हणत पोरींनी तीच ओळ पुन्हा घेतली.