सहा खुर्च्यांच्या खोळी

शेवटच्या खोळीचा दोरा तिनं दातांनी तोडला, खोळ खुर्चीवर चढवली आणि बैठकीची खोली डोळे भरून पाहिली. सहाच्या सहा खुर्च्या भिंतीला टेकून ओळीनं उभ्या. सगळ्यांना एकच गर्द हिरवं, गुळगुळीत कापड. मधली जागा ऐसपैस मोकळी. आता कुठं घर घरासारखं दिसत होतं.

लेकीच्या बाळंतपणाला ती चार महिने काय गेली, मागे सुनेनं या खोलीचा पार खेळखंडोबा करून ठेवला होता. एक खुर्ची दारापाशी, एक कपाटाला लागून, एक भर वाटेत. वादळानं आणून टाकल्यासारख्या. बरं, पाठींना कापड तरी एकसारखं असावं? दारापाशीच्या खुर्चीला गोणपाट, वाटेतल्या खुर्चीला मखमलीचा जुना तुकडा, खिडकीजवळच्या खुर्चीला गाठी मारलेली सुतळी.

"अगं, ही बैठक आहे की भंगारवाल्याचं दुकान?" तिनं आल्या आल्या विचारलं होतं.

"असू दे ना, आई. सोयीचं आहे."

"कुणाच्या सोयीचं? ठेचा लागायच्या?"

सुनेनं सासऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीशी बसून पेपर ऐकत होता. हो, ऐकतच. हल्ली पेपरसुद्धा सुनेनं वाचून दाखवायचा. "नुसता लाडोबा करून ठेवलाय म्हाताऱ्याचा," ती म्हणाली. सुनेनं पुढली बातमी वाचायला घेतली. त्या चिंध्यांवरून तिनं तेव्हाच एकदा हात फिरवला असता तर! पण तिला नावं ठेवायची घाई.

नवरा तसा तिच्या लेखी पहिल्यापासून वेंधळा. मागल्या वर्षी दाराशी टांगलेल्या कोटालाच तो "या व्याही, बसा" म्हणाला होता. ती पोट धरधरून हसली. हसून थांबली असती तरी चाललं असतं. पुढे महिनाभर भाजीवालीपासून वरच्या मजल्यावरच्या मास्तरांपर्यंत, जो भेटेल त्याला तिनं तो किस्सा नकलेसकट ऐकवला. कोट कसा उभा होता, हा कसा वाकला, सगळं. तिच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नाही, असं लोक म्हणायचे. तीही म्हणायची.

आठवडाभर दार लावून तिनं खोळी शिवल्या. आज सून बाजारात गेली, नवरा आत लवंडला, तशी तिनं कंबर कसली. खुर्च्या एकेक करून उचलून नेल्या. गोणपाट, मखमल, सुतळी, सगळं कात्रीनं कापून फरशी पुसायच्या बादलीत टाकलं.

"अहो, या जरा बाहेर! बघा तरी!"

तो दारात आला. सवयीनं हात पुढे केला. हात हवेतच राहिला. मग भिंतीच्या कडेनं सरकत त्यानं एका खुर्चीच्या पाठीवर तळवा फिरवला. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. पुन्हा पहिलीवर आला.

"कापड भारीतलंच आहे हो," ती खुशीत म्हणाली. "हात लावून काय बघताय? जरा लांब होऊन बघा."

त्यानं भिंत सोडली. चार पावलं टाकून तो त्या ऐसपैस मोकळ्या जागेत आला. दोन्ही हात पुढे केले. हाताला काहीच लागेना. खोलीत दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं.

"सूनबाई," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मी कुठं आहे गं?"

सून नुकतीच उंबऱ्यात आली होती. हातातली पिशवी तिथंच टाकून ती धावली. तिनं त्याचा हात धरला. "मी आहे, बाबा. खोलीच्या मधोमध आहात तुम्ही." मग सासूकडे न बघताच म्हणाली, "गोणपाट म्हणजे दार. मखमल म्हणजे अर्धी वाट. सुतळी म्हणजे खिडकी. आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं, आई. वर्षभर नजर कमी होत चालली होती. आता उजेड तेवढा कळतो."

वर्षभर. तिला तो कोट आठवला. कात्री अजून तिच्या कमरेला खोचलेलीच होती.

"मला का नाही सांगितलंत?" एवढंच तिला बोलता आलं.

"तू हसली असतीस," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. तो तिच्याकडे बघूनच हे म्हणाला होता. फक्त ती उभी होती दाराशी, आणि तो बघत होता कपाटाकडे.

पावलांचा आवाज न करता ती गेली आणि कपाटासमोर जाऊन उभी राहिली.