वाळूखालचं शेत

शिगेमात्सु खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याची बायको योशिए तळाशी गुडघे टेकून बांबूच्या काडीनं माती टोकरत होती.

"स्वतःच्याच शेतात मजुरीला जाणारी बाई आख्ख्या ओकायामात दुसरी नसेल," तो वरून म्हणाला. "चल, वर ये. कचेरीत माणसं वाट बघतायत. शिक्का घेतलाय मी."

सहीच्या जागी उठवायचा तो शिक्का कशासाठी, ते तिला ठाऊक होतं. गेल्या जुलैत नदी फुटली आणि त्यांच्या भातशेतावर गुडघाभर वाळू पसरून गेली. आता नदीकाठी नवा भराव घालायचा होता आणि त्यासाठी जमीन द्यायची की नाही, हे मालकावर होतं. शिगेमात्सुनं द्यायची ठरवलं होतं. नको म्हणायचा धीर योशिएला झाला नव्हता. वाळू उपसता उपसता त्याचीच पाठ गेली होती.

भरावाच्या आधी जमिनीखाली जुनं काही आहे का, ते पाहायचा नियम. म्हणून कोपऱ्यात हा दीड माणूस खोल खड्डा, आणि त्यात गावातल्या चार म्हाताऱ्या रोजावर.

"आधी तुम्ही खाली या," योशिए म्हणाली.

"माझे गुडघे?"

"माझे काय नवीन बसवलेत? या म्हणते ना."

कुरकुरत, शिडीची एकेक पायरी चाचपत तो उतरला. आणि शेवटच्या पायरीवरच थांबला.

तळाशी काळी, गुळगुळीत चिखलमाती होती. तिच्यावर माणसांची पावलं उमटली होती. त्यांत भरलेली पांढरी वाळू योशिएनं सकाळपासून काढली होती, आणि आता बोट न् बोट दिसत होतं. कुणाचा तरी अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला होता.

"तुम्ही बायकांनीच तुडवलंत की काय हे?" शिगेमात्सुनं विचारलं, पण त्याचा आवाज खाली आला होता.

"दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, आजोबा," मिनागावा म्हणाली. खोदकाम तिच्या देखरेखीखाली चाललं होतं. तिनंही बूट काढून बाजूला ठेवले होते.

तो वाकला. एकेक पाऊल निरखत गेला.

"हा मागे मागे सरकतोय," तो म्हणाला. "लावणी करतोय. आणि ही बारीक पावलं बाईची. ओळ सरळ येत नाहीये बिचारीची. अगं, तुझीच कुणीतरी दिसते."

योशिएला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"मग पुढे?" त्यानं विचारलं.

"पुढे पूर आला. त्याच आठवड्यात असेल," मिनागावा म्हणाली. "वाळूनं झाकलं म्हणून तर पावलं राहिली."

शिगेमात्सुनं हात पुढे केला, पण पावलाला न लावताच मागे घेतला. "म्हणजे सगळं गेलं त्यांचं," तो म्हणाला. "गेले असतील बिचारे कुठेतरी उठून."

योशिए पुढे झाली. त्याचा कोपर धरून तिनं त्याला खड्ड्याच्या भिंतीकडे वळवलं.

पांढऱ्या वाळूच्या पट्ट्यावर काळी माती होती. तिच्यावर पुन्हा वाळू. वाळूवर पुन्हा काळी माती. असं थेट वरपर्यंत.

"काळं म्हणजे शेत," मिनागावा बोट वर वर नेत म्हणाली. "इथे आपल्या लोकांना अजून अक्षरं येत नव्हती. इथे बुद्धाची देवळं उभी राहत होती. हे तलवारीवाल्यांचं राज्य. हे तुमच्या पणजोबांच्या वेळचं."

"आणि युद्ध कुठाय?"

"ते काही इथे दिसत नाही, आजोबा."

"कसं दिसेल!" शिगेमात्सु हळूच म्हणाला. "त्या वर्षीही लावणी झाली होती. बाबा परतले नव्हते. आईनं एकटीनं केली, मला पाठीला बांधून."

त्यानं सगळ्यात वरच्या काळ्या पट्ट्यावर तळहात ठेवला. तो त्याच्या डोक्याच्याही वर होता. त्याला टाचा उंचवाव्या लागल्या. पट्ट्याच्या वर गेल्या वर्षीची वाळू होती, तिच्यात कुणाची तरी निळी चप्पल रुतलेली. तिच्यावर काहीच नव्हतं. मोकळं आभाळ होतं.

योशिए त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. बाकीच्या म्हाताऱ्यांच्याही काड्या थांबल्या होत्या.

"मिनागावाबाई," तो न वळताच म्हणाला, "हा खड्डा जूनच्या आत बुजवाल ना? लावणी आहे आमची."