खालची धमनी

"दाब, शिवानी! अजून जोर लाव!" नूतन ओरडली, तरी रक्त नर्सच्या बोटांमधून उसळलं आणि थेट वरच्या दिव्याच्या काचेवर गेलं.

टेबलावर धर्मा होता. गळ्याच्या डाव्या बाजूला सुरीचा वार, खालून वर गेलेला. रेवदंड्याच्या जेट्टीवर मासळीचा लिलाव चालू असताना तो पाण्यातून रांगत वर आला होता. बायकांनी पाट्या टाकल्या, पुरुषांनी त्याला टेम्पोत घातला आणि डॉक्टर नूतनच्या दवाखान्यात आणून टाकला. वाटेत त्याने एकच शब्द उच्चारला होता, "प्रीतम." मग शुद्ध हरपली.

प्रीतम हा नूतनचा धाकटा भाऊ.

डोल जाळ्याच्या जागेवरून दोघांमध्ये वर्षभर धुमसत होतं. एकाने जाळं बांधायला समुद्रात खुंट ठोकावेत, दुसऱ्याने उपटावेत. आता प्रीतमची होडी जेट्टीला नव्हती, म्हणजे वार करून तो पळाला. कोळ्याचा पोर कधी रस्त्याने पळतो का? संकट आलं की तो पाण्याकडेच जाणार, आणि गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. नूतनलाही कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर धर्माची माणसं वल्ही घेऊन दारावर तुटून पडली होती. खिडकीची काच फुटली. एकटा हवालदार दाराला पाठ लावून उभा होता आणि त्याचं कपाळ फुटलं होतं.

"ती मारील त्याला! बहीण हाय ती त्याची!"

"दार खोला, नायतर जाळून टाकू!"

भूल देणारा डॉक्टर दीपेश सुईसाठी शीर शोधत होता. धर्माच्या मुठी घट्ट वळलेल्या. उघडल्या तर तळवे सोलून निघालेले.

"जाळं ओढणाऱ्यांचे हात," तो पुटपुटला. मग म्हणाला, "नूतन, हे तू करू नकोस. अलिबागला पाठव."

"चौलच्या पुढे पोचणार नाही तो. आणि हा मेला तर माझा भाऊ खुनी ठरेल. कळतंय तुला?"

दीपेशला कळलं. त्याने श्वासनळीत नळी घातली. नूतनने जखम रुंद केली.

थायरॉइड ही मोठी खादाड ग्रंथी. मूठभरही नाही, पण तिला रक्त पाजायला दोन्ही अंगांनी दोन-दोन धमन्या राबतात. वरची उतरते चेहऱ्याकडे निघालेल्या धमनीतून. खालची हाताकडच्या मोठ्या धमनीपासून निघून वळसा घेत मागून येते. ग्रंथीच्या आत दोघी एकमेकींना मिळतात. त्यामुळे एक बांधली की सुटलो, असं होत नाही. दुसरी तिची उणीव भरून काढते.

वरची तुटलेली सापडली. नूतनने ती बांधली. रक्त ओसरलं, थांबलं मात्र नाही.

"खालची," ती म्हणाली.

"मग लाव चिमटा आणि बांध. प्रेशर पन्नासवर आलंय!"

"आवाजाचा मज्जातंतू तिला चिकटून जातो. कधी पुढून, कधी मागून, कधी तिच्या फाट्यांमधून. नुसता चिमटा मारला तर आवाज बसेल त्याचा."

"बसू दे की! शीर सलामत तर पगडी पचास!"

"बाहेरचे म्हणतील, बहिणीने मुद्दाम मुका केला. नाही दीपेश. भांडण कसं झालं ते याने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. आमच्या प्रीतमला राग येतो, पण तो उगाच कुणाच्या गळ्याला सुरी लावायचा नाही."

तिने धमनी बोटाखाली दाबून धरली. दुसऱ्या हाताने रक्त टिपत राहिली. दारावर वल्ह्यांचे दणके पडत होते, आणि प्रत्येक दणक्याला शिवानी दचकत होती. नूतनला भीती वाटत होती, भयंकर वाटत होती, पण बोट हललं नाही. टिपता टिपता एक बारीक पांढरा धागा दिसला, धमनीवरून तिरका गेलेला. तिने तो अलगद बाजूला केला आणि त्याच्याखाली गाठ मारली.

रक्त थांबलं.

मागच्या दाराने तिची आई, काशी, आत आली होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती भिंतीशी उभी होती.

"जगंल?"

"जगेल, आये."

काशी होती तिथेच फरशीवर बसली. "मंग माजा पोर खुनी नाय," ती म्हणाली आणि रडू लागली. मग डोळे पुसून हळूच विचारलं, "पलताना पानी तरी नेलं असंल का गो त्यानं? सकालपासून पोटात काय नाय."

नूतनला हसू आलं. "येऊ दे घरी. आधी कान पिळते त्याचा, मग जेवायला घाल."

टाके झाले. धर्माचा रक्तदाब वर आला, तसा दीपेशचाही जीव भांड्यात पडला. श्वास नीट चालू झाल्यावर त्याने नळी काढली. नूतनने स्वतः जाऊन दार उघडलं, धर्माच्या दोन माणसांना आत घेतलं आणि हवालदाराला बोलणं टिपायला मोबाइल धरायला सांगितलं. लोकांना काय ऐकायचं ते समोरासमोर ऐकू दे, असा तिचा हिशेब होता. तसंही थायरॉइडला हात लावला की पेशंटला आधी बोलतं करायचं, हा तिचा नेमच होता.

"धर्मा, ऐकू येतंय? बोल काहीतरी. काहीही बोल."

भुलीने जड झालेल्या पापण्या उघडल्या. त्याने नूतनकडे पाहिलं, ओळखल्यासारखं पाहिलं. ओठ हलले. आणि आवाज आला. नळीने जरा खरखरीत झालेला, पण भरदार, खाडीच्या पलीकडे हाक जावी असा. तंतू शाबूत होता. नूतनला इतका आनंद झाला की शब्द तिच्या ध्यानात जरा उशिरानेच आले.

"प्रीतम मेला ना? मी त्याच्या गल्याचा दोर सोडला, तवा होडीत हालत नव्हता तो."