लहानच पंखा

चार खोल्यांचं घर, राहणारे काका एकटे. जुना सेंट्रल एसी बदलायचा होता, म्हणून मी एस्टिमेट काढायला गेले. घामाघूम होत खोल्यांत हवा नेणाऱ्या डक्टचा पत्रा, जाळ्या मोजल्या. “काका, एसीचा पंखा मोठा घ्या. सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो. डक्टला आतून अस्तर लावू. जराही आवाज येणार नाही!” मी ऐटीत म्हणाले. “लहानच लावा. अस्तर नको.” आता हे पैसे वाचवणार, नंतर मलाच बोल लावणार! “अहो, लहान पंखा तेवढ्या हवेसाठी गरगर फिरेल. डोकं उठवेल तुमचं.” “उठवू दे. हा जुनाही खडखडतो. घरात कुणीतरी आहेसं वाटतं.” “मग आज बंद का? मी उकडून निघाले!” काका ओशाळले. “आज तुम्ही आहात ना.” एस्टिमेटमधून अस्तर खोडलं, निरोप घेतला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचले, तोच मागे खडखडाट सुरू झाला.