आप्पासाहेबांच्या हस्ते

मुलांनो, खिडकीबाहेरच्या एखाद्या झाडाकडे बघा. पानं सुटी सुटी दिसतात ना? आता अशी कल्पना करा, की तिथे पानं नाहीतच, नुसता हिरवा गोळा आहे. रस्त्यावरून येणारी गाडीसुद्धा अगदी जवळ येईपर्यंत गोळाच. चौथीतल्या शकूला जग असं दिसायचं. मांजरी गावातल्या शाळेच्या पटांगणात ती सकाळपासून उन्हात बसली होती, कारण आज तिला चष्मा मिळणार होता.

चष्मे तयार होते. टेबलावर डब्या मांडून ठेवल्या होत्या. पण ते द्यायचे होते प्रमुख पाहुणे आप्पासाहेब यांच्या हस्ते, आणि आप्पासाहेब हिंजवडीच्या गर्दीत अडकले होते.

“देऊन टाका ना आता,” शकूच्या वर्गाच्या कुसुमबाई म्हणाल्या. “मुलं करपली उन्हात.”

“अहो बाई, असं कसं?” श्यामसुंदरराव म्हणाले. चष्मे देणाऱ्या शहरातल्या सेवा क्लबचे ते सचिव. “मग समारंभ कशाचा करायचा?”

“मीही तेच विचारतेय.”

शकूची आई सरुबाई मागे भिंतीला टेकून उभी होती. गेल्या महिन्यात उसाची ट्रॉली शकूच्या इतक्या जवळून गेली, की दप्तराचा पट्टा तुटून ट्रॉलीबरोबर गेला. तेव्हापासून सरुबाईचं एकच पालुपद होतं, “चष्मा आला तर पाचवीला धाडीन. न्हाईतर घरी बस.” पाचवीची शाळा हमरस्त्याच्या पलीकडे होती.

एकदाचे आप्पासाहेब आले. हार झाले, भाषणं झाली. मग आप्पासाहेबांनी एकेका मुलाच्या हातात डबी ठेवली, “घाल बाळ, घाल,” असं म्हटलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. त्यांना पुढचा कार्यक्रम होता. टाळ्या थांबायच्या आत ते गाडीत बसलेसुद्धा. मुलांनी चष्मे डोळ्यांवर चढवले.

“बाई, जमीन वर आली,” शकूच्या वर्गातला जयसिंग म्हणाला आणि सपाट जागी पायरी चढल्यासारखा पाय उचलून धपकन पडला.

“बाई, मला तर आधीपेक्षाबी कमी दिसतंय,” शकू म्हणाली.

कुसुमबाईंनी तिची डबी उलटीपालटी करून पाहिली. झाकणावर क्लबचं गोल सोनेरी चिन्ह होतं. नाव कुठेच नव्हतं.

“सचिवसाहेब, दुकानदारानं डब्यांवर मुलांची नावं चिकटवली होती ना?”

“होती की. पण वाकडीतिकडी. फोटोत कशी दिसली असती? काल आम्ही सगळ्यांनी बसून ती काढली आणि आपलं चिन्ह लावलं. बरीच मेहनत झाली.”

“दिसतेय मेहनत. मुलांना फळा दिसत नाही म्हणून चष्मे केलेत, आणि तुम्हाला नेमक्या चिठ्ठ्या वाकड्या दिसल्या.”

श्यामसुंदरराव गोरेमोरे झाले. पण सचिवच ते, लगेच सावरले. त्यांनी टेबलाखालचं रिकामं खोकं ओढलं.

“काही बिघडलेलं नाही. सगळे चष्मे यात टाका रे. कोणाचा नंबर काय, ते दुकानात लिहिलेलं आहे. पुढच्या सभेत विषय घेऊ आणि पावसाळ्यात परत वाटप करू.”

“उद्यापासून सुट्टी आहे. जूनमध्ये ही मुलं या शाळेत नसतील.”

“मग त्यांना बोलावून घेऊ.”

“आणि वाटप परत आप्पासाहेबांच्या हस्ते?”

“ते आता... त्यांची वेळ घ्यावी लागेल.”

कुसुमबाईंनी डोळे मिटून घेतले. एवढं ऐकून सरुबाई पुढे आली.

“शके, टाक त्यो चष्मा आन् चल घरी. झाली तुजी पाचवी.”

मुलं ओळीनं चष्मे टाकू लागली. शकूची पाळी आली, तेव्हा श्यामसुंदररावांनी खोकं तिच्यापुढे धरलं. शकूनं चष्मा टाकला आणि खोकंच हातातून ओढून घेतलं.

“अगं ए! कुठे चाललीस?”

ती पटांगणाच्या मागच्या टोकाला जाऊन मातीत बसली. समोर, शाळेच्या दोन खांबांना क्लबचा मोठा कापडी फलक बांधला होता. सर्वांत वर आप्पासाहेबांचं नाव हातभर अक्षरांत होतं. त्याखाली अध्यक्ष, मग सचिव, असं करत करत अक्षरं बारीक होत गेली होती, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तक्त्यावर असतात तशी. शकूला तो नुसता रंगीत पडदा दिसत होता. पण त्यावर अक्षरं आहेत, एवढं तिला ठाऊक होतं.

तिनं एक चष्मा लावला. फक्त आप्पासाहेब दिसले. तो काढून दुसरा लावला. आप्पासाहेबही गेले. सरुबाई तिचा दंड धरायला निघाली, तेव्हा कुसुमबाईंनी तिला हातानंच थांबवलं. शकूनं आणखी एक लावून पाहिला, मग आणखी एक.

एका चष्म्याला ती थांबली. सरळ बसली आणि मोठ्यानं वाचू लागली, “सचिव, श्यामसुंदर... सहसचिव... मंडप... चहापान...”

सर्वांत खाली बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती वाचायला श्यामसुंदररावांना फलकापाशी जाऊन वाकावं लागलं. शकूनं ती बसल्या जागेवरून वाचली.

“लाभार्थी, इयत्ता चौथीची मुले.”

मग तिनं खोकं मांडीवर घेतलं आणि हाक मारली, “जयसिंग, ये हिकडं. आता तुजा हुडकू.”