बगलेतला चेंडू

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पळता पळता लमॉन्टच्या हातून चेंडू निसटला आणि कॉलेज हरलं. कोच ब्रॅनमनी नेहमीची शिक्षा दिली. आठवडाभर चेंडू बगलेत ठेवायचा, वर्गात, जेवताना, झोपेतसुद्धा. कुणीही, कधीही फटका मारून तो पाडू शकतं.

"पडला, तर शनिवारच्या सामन्यात खेळायचं नाही, बाकावर बसशील."

शनिवारचा हा सामना डॅड हॉस्पिटलमधल्या टीव्हीवर बघणार होते. बहुधा शेवटचाच.

सगळे टपलेले! कँटीनच्या डेलामावशींनी कॉर्नब्रेड वाढता वाढता टोला हाणला.

"सुटला का रे, राजा?"

"नाव नको काढू, मावशी!"

चर्चमध्ये तर पाद्रीबुवांनी आमेन म्हणता म्हणता हात मारला. चेंडू सुटला नाही.

गुरुवारी तो डॅडना भेटायला गेला. त्यांची वाचा गेली होती. त्याला पाहून त्यांनी मोठ्या कष्टानं हात उचलला आणि त्याच्या दिशेनं नेला.

लमॉन्ट हसत मागे सरकला. दोन्ही हातांनी त्यानं चेंडू छातीशी धरला.

"काय डॅड, तुम्हीसुद्धा? नाही हं मिळायचा!"

शुक्रवारी सकाळी नर्सचा फोन आला. "गेले रे. हात तसाच पुढे होता शेवटपर्यंत. तुझा हात धरायचा होता बहुतेक."

त्यानं संघात कुणालाच सांगितलं नाही.

शनिवारी कोचनी खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! आज पहिल्यापासून तूच खेळणार. दे तो चेंडू इकडे."





चेंडू घेत कोच म्हणाले, "आता तुझे हात मोकळे."